शास्त्रावरची चपलेची वेणी

अन्याय माझ्या आईवर झाला. दोन हजार पाच साली, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या खोलीत. खोलीत पाळकसाहेब होते, पंचांपैकी निवृत्त मुख्याध्यापक होते, माझे वडील होते आणि मी होते. म्हणजे साक्षीदारांची वाण नव्हती. तरी आजवर मंडळीत कुणीही याला अन्याय म्हटलेलं नाही. 'तो विषय' म्हणतात. 'झाला जरा गैरसमज' म्हणतात. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. पत्रकात पहिल्याच ओळीत सांगायचं असतं की कुणाचं काय वाईट झालं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकलं. आता बैजवार सांगते.

आम्ही कोल्हापुरातले ख्रिस्ती. ख्रिस्ती व्हायच्या आधीपासून घरात कातड्याचं काम होतं, झाल्यावरही तेच राहिलं. वडील चपला कापतात आणि आई वेणी घालते. वेणी म्हणजे कोल्हापुरीच्या पट्ट्यावर कातड्याच्या बारीक वाद्यांची जी गुंफण असते ती. आमच्यात ती बायकाच घालतात. मी शाळेत होते तेव्हा, नव्वदच्या दशकात, घरी आलं की पहिला बाभळीच्या सालीचा वास यायचा, मग आई दिसायची. मांडीवर पट्टा, वादीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, दुसरं दातात. दातात वादी असतानाही ती शेजारणीशी भांडू शकायची.

संध्याकाळच्या प्रार्थनेला वाचायचं काम माझं. आईला वाचता येत होतं, पण तिचे हात मोकळे नसायचे. आणि तिला काय आवडावं? वाळवंटातल्या त्या तंबूचे अध्याय. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेले लोक देवासाठी निवासमंडप उभारतात, त्याच्या फळ्या, बिरडी, कड्या, दांडे, पडदे, सगळं मापासकट. भल्याभल्यांनी ओलांडून पुढं जावं असं ते वाचन. पाळकसाहेबसुद्धा त्यावर उपदेश करायचे नाहीत. मी रडतखडत वाचायचे आणि आई मधेच थांबवायची.

"आकड्या कशाच्या म्हणलीस?"

आतल्या पडद्यांच्या सोन्याच्या, बाहेरच्यांच्या पितळेच्या, मी सांगायचे. "बराबर हाय," ती म्हणायची. "भायेर धुळीत कोण सोनं लावंल?" देवाच्या आज्ञा ठेवायचा कोश बाभळीच्या लाकडाचा, हे ऐकल्यावर तर तिनं वादी दातातनं काढली. बाभूळ? आपली बाभूळ? मग साल कुठं गेली? मी म्हटलं, टाकून दिली असेल. ती माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी चूल रस्त्यावर टाकून दिलीय. "टाकत्यात व्हय? त्या सालीतच मेंढ्याची कातडी कमावली आसणार. ल्हिवणाऱ्यानं ल्हिवलं न्हाय. त्यो काय आमच्यातला न्हवता."

कारण त्या तंबूवर कातडं होतं. लोक हे विसरतात. आत निळं, जांभळं, किरमिजी भरतकाम, त्यावर बकऱ्यांच्या केसांचं कापड, त्यावर तांबडी रंगवलेली मेंढ्यांची कातडी, आणि अगदी वर आणखी एक कातडं. ज्या देवाला आकाश पुरत नाही म्हणतात, त्यानं आपल्या घरावर कातडं पांघरून घेतलं. कुठलं, कुठल्या रंगाचं, तेही स्वतः सांगितलं.

पुढं कॉलेजात असताना मी चळवळीत गेले. कबनूरच्या यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहायची, सायकलवरून वाटायची. तेव्हा मला या अध्यायांचा रागच यायला लागला. जो देव गुलामांना सोडवतो, तोच मग पानंच्या पानं कड्या आणि बिरडी मोजत बसतो? तिकडं माणसं पाळीत मरतायत आणि इथं पडद्याला फासे किती! मी हे आईला तावातावानं ऐकवलं. फारो राजाही गुलामांकडून विटा मोजूनच घेत होता, म्हटलं, मग सुटका कसली झाली?

आईनं वादी ओढून घेतली आणि म्हणाली, "बेगारीचं काम वाकडं झालं तर मार बसतोय. ह्ये वाकडं झालं तर कोण मारणार हाय? आपलं आपल्याला दिसतंय, एवढंच."

मी तेव्हा गप्प बसले ते पटलं म्हणून नव्हे, मला मीटिंगला जायचं होतं म्हणून. पण ते वाक्य माझ्या मागं लागलं. नंतर मी ते अध्याय एकटीनं वाचले. तिथं मुकादम नाही. ज्याच्या मनाला वाटेल त्यानं आणावं असं आहे, आणि लोक इतकं आणतात की पुरे, आता थांबा, असं सांगावं लागतं. आणि आत्म्यानं भरलेला म्हणून तिथं ज्या माणसाचं नाव घेतलंय तो याजक नाही की पुढारी नाही, कारागीर आहे. सोनं घडवणारा, लाकूड कोरणारा. हे मला कुठल्याही उपदेशात कुणी सांगितलं नव्हतं. तो कुठं शिकला असेल हे काम? मिसरातच की. मालकासाठी काम करता करताच शिकला असणार. देवानं त्याला हे विसरून ये असं सांगितलं नाही, त्याच हातांनी ये म्हटलं.

एवढं सगळं सांगायचं कारण, आईनं जे केलं ते हौस म्हणून केलं नव्हतं हे तुम्हाला कळावं.

दोन हजार चारच्या नाताळानंतर व्यासपीठावरच्या थोरल्या शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, पुठ्ठा उपासना चालू असतानाच पाळकसाहेबांच्या हातात आला. जुनं मिशनच्या वेळचं पुस्तक, उचलायला दोन हात लागतात. उपासना सुटल्यावर पाळकसाहेब आईला म्हणाले, कातडी आवरण तुमच्या हातचं करा. भर पटांगणात म्हणाले. आईनं लगेच हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत तिचा चेहरा उतरला. वडिलांनी विचारलं, काय झालं? म्हशीचं कातडं घ्या, पट्टे पाडा, झालं. ती म्हणाली, न्हाय, मेंढ्याचं पायजे. तांबडं. तंबूवर हुतं तसलं.

आता मेंढ्याचं कातडं आमच्या कामाचं नव्हे. पातळ, फुसकं. भोकं पाडायची आरी जरा तिरकी लागली की फाटतं. आईनं जन्मात त्यावर वेणी घातली नव्हती. पहिलं कातडं वडिलांनी गावातूनच आणलं, ते मीठ नीट न लागल्यानं भिजवल्यावर भोकाभोकांचं झालं. दुसरं त्यांच्या ओळखीच्या धनगराकडून मलकापूरच्या बाजूनं आणलं, पोत्यात घालून, एसटीनं. कंडक्टरनं नाक धरून विचारलं, पावणं, काय हाय यात? वडील म्हणाले, देवाचं काम हाय. "देवाला चालंल," कंडक्टर म्हणाला, "पर माझ्या गाडीतल्या लोकास्नी चालंना. टपावर टाका."

सालीत कातडं कमावणारे आता शोधावे लागतात. सगळं मशीनवर गेलं, रसायनात. आमच्या भागात एक म्हातारबा उरले होते, त्यांनी 'हे माझं शेवटचं काम' म्हणून घेतलं. आई रोज जाऊन बघून यायची. कातडं भिजतंय, मुरतंय, तिथं बघण्यासारखं काय असतं? पण जायची. रंग दिला तेव्हा पोटाकडच्या भागाला तो धरेना, फिकट चट्टे राहिले. तेवढा भाग तिनं कापून बाजूला काढला आणि उरलेल्यात बसेल की नाही या काळजीत पडली. देवळात जाऊन माप घेतलं. कसं घेतलं, तर गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवतात तसं. शास्त्र वर्तमानपत्रावर मांडलं, गुडघे टेकून भोवतीनं रेघ मारली, मग उघडून पुन्हा मांडलं आणि पुन्हा रेघ मारली. पाळकसाहेब हसत होते. दारात मुख्याध्यापक उभे होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, सगळी मंडळीच म्हणते. मास्तर हसत नव्हते. बघून निघून गेले. मी ते पाहिलं, पण आईला सांगितलं नाही. तिला आधीच पुरेसा घोर होता.

वेणी घालायला बसली तेव्हापासून घरातला आवाज गेला. दिवसभर शिव्या देणारी बाई गप्प झाली की घर घाबरतं. वडील हळू चालायला लागले. वादी तुटली की ती काही न बोलता मागं उसवत जायची आणि पुन्हा घालायची. मी म्हटलं, एवढंसं वाकडं कुणाला दिसणार? तिनं मान वर केली नाही. पुठ्ठा खोचायच्या पाकोळीच्या आत, जिथं शास्त्र बंद असताना काय, उघडं असतानाही कुणाची नजर जाणार नाही, तिथलीसुद्धा वेणी तिनं दोनदा घातली. पावसाळ्यात पुस्तक फुगेल, तेव्हा ताणलं तर? उन्हाळ्यात ढिलं पडलं तर? हे प्रश्न ती मला विचारायची, जसं काही मला ठाऊक असणार. मला फक्त एवढंच दिसत होतं की तिची बोटं आरीनं सोलली आहेत आणि झावळ्यांचा रविवार जवळ येतोय.

शनिवारी सकाळी आम्ही आवरण घेऊन गेलो. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं, जसं बाळ न्यावं. आईनं कातडं कापायची रापी आणि आरी पण घेतली होती, कुठं धरलं तर तिथल्या तिथं नीट करायला. चढवलं. बसलं. केसभरही इकडं तिकडं नाही. तांबडं, मऊ, कडेनं सगळीकडून वेणी. खोलीत सालीचा वास पसरला. आईनं श्वास सोडला. मला वाटतं तो ती कित्येक आठवडे धरून बसली होती.

पाळकसाहेबांनी हात फिरवला, सुंदर म्हणाले. मग मास्तर पुढं आले. त्यांनी चष्मा काढला आणि अंगठा वेणीवर ठेवला. इथं नीट ऐका. वेणी जिथं संपते तिथं गाठ मारत नाहीत. वादीचं शेपूट मागच्या तीन पेडांखाली मुरवतात, त्यामुळं शेवट कुठं आहे ते बाहेरच्याला सापडत नाही. मला या घरात वाढूनही सापडत नाही. मास्तरांचा अंगठा कडेनं सरकत गेला आणि बरोबर तिथं जाऊन थांबला. दाबून बघितलं. घट्ट आहे का ते बघितलं.

आईला आनंद झाला. खरंच आनंद झाला, म्हणून ती बोलली. "मास्तर, तुमच्या अंगठ्याला बरं ठावं हाय."

मास्तरांनी हात काढून घेतला. चष्मा चढवला. मग पाळकसाहेबांकडं बघून म्हणाले, काम चांगलंय, पण ही चपलेची वेणी आहे. बाहेरून पाहुणे उपदेशक येणार आहेत, इतर मंडळ्यांचे लोक येणार आहेत. ते काय म्हणतील? आवरण ठेवू, वेणी तेवढी काढा.

मी उसळले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तंबूवरच्या कातड्याचं बोलले, मिसरात शिकलेल्या कारागिराचं बोलले, आणि तुम्हाला पाहुण्यांची भीती आहे की स्वतःच्या अंगठ्याची, असंही बोलले. वडिलांनी माझा दंड धरला. ते हळूच आईला म्हणाले, काढून टाक की, काय बिघडतंय, रविवार तरी नीट जाऊ दे. वडिलांना भांडण सोसत नाही. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक मंडळीतलं आहे.

मास्तर माझ्यावर रागावले नाहीत. ते थकल्यासारखे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोरी, या वासातनं पोरं बाहेर काढण्यात माझा जन्म गेला. शाळेत बाकावर कुणी शेजारी बसत नव्हतं, ते मला ठाऊक आहे, तुला नाही. आता तोच वास प्रभूच्या मेजाजवळ आणू?"

हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते. मास्तर दुष्ट माणूस नाहीत. त्यांनी शिकवलेल्या पोरांपैकी मी एक आहे. त्यांची भीती खोटी नव्हती. पण भीती खरी असली म्हणून अन्याय कमी होत नाही, हे मला पत्रकं लिहिताना पक्कं कळलंय.

आईनं रापी उचलली. सगळे तिच्याकडं बघायला लागले. पातं वेणीखाली घातलं आणि तसंच धरून ठेवलं. मग काढून घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "ही वरनं लावलेली न्हाय, साहेब. पुढचं, मागचं, पाठीचं, सगळं हिच्यावरच हाय. वेणी काढली तर तुमच्या हातात नुसती तीन कातडी राहत्यात."

पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. पटांगणात झावळ्यांचे भारे उतरत होते. ज्यांनी भर पटांगणात शब्द दिला होता, त्यांनी बंद खोलीत तो राखला नाही. आणि मग मास्तरांनी आपल्या पिशवीतनं रेक्झिनचं आवरण काढलं. तयार, मापाचं, वर सोनेरी अक्षरं छापलेलं. म्हणजे निकाल आधीच लागला होता आणि आम्ही मात्र श्वास रोखून मापं जुळवत होतो. आईनं आमचं आवरण उतरवलं, फडक्यात गुंडाळलं, हत्यारं वर ठेवली. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाली, आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती उपासनेला गेली. मी म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, देवानं काय केलंय? पोरं झावळ्या हलवत होसान्ना गात आत आली, रेक्झिन दिव्यात चमकत होतं, पाहुण्यांनी छान उपदेश केला. आईनं प्रत्येक गीत मोठ्यानं म्हटलं. वडील सगळा वेळ आपल्या चपलांकडं बघत बसले.

मी तेव्हाच पत्रक काढणार होते. आईनं अडवलं. घरी मात्र ती एकच गोष्ट बोलून दाखवायची: "मी अंगठ्याचं बोलले नसते तर ठेवलं आसतं त्येंनी. बोलायला नगं हुतं." भाजी चिरताना, पट्टा शिवताना, मधेच. मी तिला सांगायचे, रेक्झिन आधीच शिवलेलं होतं, तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. तिला ते पटत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तोच आपली चूक शोधत बसतो, हे मी कबनूरला पाहिलंय, पण घरात बघणं अवघड असतं.

आवरण ट्रंकेत ठेवून चालत नाही. सालीत कमावलेलं कातडं वापरात लागतं, उघडझाप लागते, हाताची ऊब लागते. नुसतं पडून राहिलं की वाळतं आणि मोडतं. म्हणून आई ते माझ्या उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवते आणि वर तेच फडकं टाकते. जाडी साधारण तेवढीच भरते. मधूनमधून काढते, उघडते, मिटते, तेल पाजते. या हिवाळ्यात पाठीच्या घडीवर पहिली बारीक रेघ उमटली. तिनं ती मला दाखवली आणि बोट त्यावरून हलेना. ती रेघ चीर झाली तर नवं होणार नाही. सालीत कमावणारे म्हातारबा वारले. आईचा उजवा हात आता थरथरतो, जाड्या चपलेची वेणीसुद्धा ती दुपारपर्यंतच घालते. मला रोज घरी आल्यावर पहिली भीती ती रेघ वाढली का याची असते. मीच फडकं उचलते आणि उचलण्याआधी क्षणभर थांबते.

परवा मी तिला पुन्हा विचारलं, आता तरी लिहू? तिनं हातातला पट्टा खाली ठेवला. मग म्हणाली, "ल्हिव. पर मास्तरास्नी शिव्या घालू नगंस. त्येंच्या आज्जीची वेणी माझ्या आज्जीपरास बारीक हुती. त्या अंगठ्यानं ती ल्हानपणी धरल्याली हाय." आणि थोड्या वेळानं, "आन् मी नेऊन देणार न्हाय. एकदा नेलतं. पायजे त्यानं न्यायला यावं."

हे तुम्ही वाचताय, म्हणजे बहुतेक त्याच बाकांवर बसणारे आहात. तुमच्यासमोर दर रविवारी ते रेक्झिन असतं. कोपरे उलले आहेत, सोनेरी अक्षरं निम्मी गेली आहेत, तुम्हालाही दिसतं. प्रार्थना करतो, बघू, पंचांच्या कानावर घालू, हे मला सांगू नका. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर घरी जाऊ नका. मास्तरांना बरोबर घ्या, हाताला धरून घ्या, आणि आमच्या दारात या. आईसमोर उभे राहा आणि आवरण मागा. वेणीसकट मागा. आणि त्याच दिवशी, तिच्या देखत, ते शास्त्रावर चढवा.